कालवाच्या पाठीवर बसलेला खेकड्याचा भाऊबंद

बेळगावला समुद्र नाही, पण चोर्ला घाट उतरलं की गोवा. त्यामुळे इथल्या मच्छी मार्केटात सुरमई-बांगड्यांच्या जोडीला कधीमधी कालवंही दिसतात. शिंपेसकट कालव मिळालं, तर फोडण्याआधी त्याची पाठ बघा. माथ्याला भोक असलेले पांढरट, खरबरीत सुळके तिथे चिकटलेले असू शकतात. नखाने निघत नाहीत. कालवाची पिल्लं वाटावीत असे हे बार्नकल. पण त्यांचे खरे भाऊबंद म्हणजे पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे ओढ्यात धरतात ते खेकडे!

कालव मृदुकाय, म्हणजे गोगलगाय आणि माकूल यांच्या गोतातलं. बार्नकल संधिपाद, म्हणजे खेकडे-कोळंबीसारखा सांधेदार पायांचा. दोघंही चुन्याचं घर बांधून जन्मभर एका जागी बसतात, आणि या सारखेपणाने भलेभले फसले. क्यूव्हिएसारख्या शास्त्रज्ञानेही बार्नकलला मृदुकायांतच बसवलं होतं. कोडं सुटलं ते पिल्लांवरून. जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी १८३० मध्ये दाखवून दिलं, की बार्नकलची पिल्लं कोळंबी-खेकड्यांच्या गणातल्या पिल्लांसारखी पाय मारत पोहतात. पुढे डार्विननेही १८४६ पासून आठ वर्षं याच प्राण्यावर घालवली.

पिल्लाचं पुढचं वागणं तर विलक्षणच. शेवटच्या अवस्थेत ते काहीच खात नाही, फक्त जागा शोधतं. मिशांनी खडक, होडी, शिंप चाचपतं, पसंत पडली की डोक्याकडून स्वतःला चिकटवून घेतं. मग उरलेलं आयुष्य खाली डोकं, वर पाय. पिसांसारख्या पायांच्या सहा जोड्या भोकातून बाहेर काढायच्या आणि पाण्यातलं अन्न आत ओढायचं.

कालवाला डोकंच नसतं. ते कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी पाणी आत घेतं आणि अन्नकण गाळतं. त्याला हृदय असतं, कल्ले असतात; बार्नकलला खरं हृदयही नाही आणि कल्लेही नाहीत. वाढताना बार्नकल खेकड्यासारखी आतली कात टाकतो, बाहेरच्या चुन्याच्या पट्ट्या मात्र तशाच ठेवून वाढवत नेतो.

जागा सोडता येत नाही, मग संसार कसा? आपल्याकडची कालवं अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडून मोकळी होतात. बहुतेक बार्नकल उभयलिंगी, म्हणजे एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही. शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांच्याकडे शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब जननेंद्रिय आहे. शेजार दूर असेल तर पंचाईतच, म्हणून पिल्लंही आधीच वस्ती असलेल्या ठिकाणीच उतरणं पसंत करतात.