न्याय आणि नीतिमत्त्व: बायबलातली एक जोडी

मी ज्या ख्रिस्ती मंडळीत लहानाचा मोठा झालो, तिथे १५ ऑगस्टच्या जवळच्या रविवारी एक वचन हमखास निघायचं. नीतिसूत्रे १४:३४. नीतिमत्त्वाने राष्ट्र उंचावतं आणि पापाने लोकांची नामुष्की होते, अशा अर्थाचं. वचन वाचून झालं की उपदेश दारू, सिनेमे आणि तरुण पोरांचे कपडे या वळणाने जायचा, आणि शेवटी देशासाठी प्रार्थना. वचनातलं ‘राष्ट्र’ मध्येच कुठे उतरून गेलं, हे विचारायची सोय नव्हती.

ही गल्लत त्या एका व्यासपीठापुरती नाही. बायबलात ‘न्याय’ आणि ‘नीतिमत्त्व’ हे शब्द इतक्या वेळा जोडीने येतात की आपण ते ‘कामधंदा’सारखे एका दमात म्हणतो. मग दोनांपैकी एक होतं. एक तर दोन्हींचा अर्थ एकच समजतो, नाहीतर वाटणी करून टाकतो: न्याय कोर्टाचा, नीतिमत्त्व ज्याच्या त्याच्या चारित्र्याचं. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण तिच्यामुळे नीतिमत्त्व ही घरातली, खाजगी गोष्ट होऊन बसते.

मूळ हिब्रूत न्यायासाठी शब्द आहे ‘मिशपात’. ‘शाफात’ म्हणजे निवाडा करणं, आणि निवाडा करणारा तो ‘शोफेत’. मराठी बायबलात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे ते यांचंच. हा निवाडा गावाच्या वेशीत व्हायचा. वेस म्हणजे नुसता दरवाजा नव्हे, तिथे वडीलधारे बसत, व्यवहार होत, साक्षी होत. आपली चावडी डोळ्यांसमोर आणली की झालं. कुणावर अन्याय झाला, तो वेशीत आला, दाद मागितली, निवाडा लागला, ज्याचं त्याला परत मिळालं: हा मिशपात. म्हणजे काहीतरी बिघडल्यानंतरचं काम.

नीतिमत्त्वासाठी शब्द आहे ‘त्सदाका’, आणि त्याचंच दुसरं रूप ‘त्सेदेक’. हा शब्द मराठीत आणणं अवघड. ‘नीतिमत्त्व’ म्हटलं की सोवळेपणाचा वास येतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला कळणार नाही अशा संस्कृतप्रचुर शब्दांवर त्यांचा राग होता, तो अशा जागी पटतो. त्सदाका म्हणजे नात्यात जे ज्याचं देणं लागतं ते पुरं करणं. सावकार आणि कूळ, राजा आणि रयत, सासरा आणि विधवा सून. माणूस एकटा बसून ‘त्सादिक’, म्हणजे नीतिमान, होऊ शकत नाही. समोर कुणीतरी लागतंच.

दोघांमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो एका पांघरुणात. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात गहाणाचे नियम आहेत. कुणाला उसने पैसे दिले तर तारण म्हणून वस्तू घेता येते, तो हक्क मान्य आहे. पण तारण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही; बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. आणि तो गरीब असेल, तारण म्हणून अंगावरचं पांघरूणच दिलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत करायचं, म्हणजे त्याला ते अंगावर घेऊन झोपता येईल. असं केलंस तर ते परमेश्वरासमोर तुझी ‘त्सदाका’ ठरेल, असं तिथे म्हटलंय.

आता बघा. सावकाराने पांघरूण ठेवून घेतलं तर वेशीत त्याच्याविरुद्ध काय दावा लावणार? करार आहे, कर्ज आहे, तारण आहे. कागद त्याच्या बाजूने. तरीही समोरचा माणूस रात्री थंडीने कुडकुडतोय हे ठाऊक असताना आपण त्याच्या पांघरुणावर झोपायचं नाही. हाच नियम ‘निर्गम’ या पुस्तकात येतो तेव्हा एक पदर वाढतो: तो माणूस माझ्याकडे ओरडला तर मी ऐकेन, असं देव म्हणतो. आणि आमोस संदेष्टा इस्राएलाची झाडाझडती घेतो तेव्हा नेमकं हेच काढतो. लोक वेदीपाशी, म्हणजे उपासनेच्या जागी, गहाण घेतलेली वस्त्रं अंथरून त्यांवर पडलेत. भक्ती चालू आहे, आणि बूड टेकलंय ते दुसऱ्याच्या पांघरुणावर.

त्सेदेक हातात धरून वजन करता येण्याजोगी वस्तूही आहे. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तराजू, वजनाचे दगड, धान्याचं एफा माप आणि तेलाचं हिन माप, या चारही ठिकाणी ‘त्सेदेक’ हाच शब्द लावलाय: नीतिमत्त्वाचे दगड, नीतिमत्त्वाचं माप. प्राचीन यहूदा राज्याच्या भागातल्या उत्खननांत इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकातली चुनखडीची घुमटी वजनं पुष्कळ सापडलीत. शेकेल हे तिथलं वजनाचं एकक, साधारण ११.३ ग्रॅम. लाडवाच्या वरच्या अर्ध्यासारखा आकार, माथ्यावर शेकेलची कोरलेली खूण. ‘अनुवाद’ पुस्तकात म्हटलंय की थैलीत ‘दगड आणि दगड’ ठेवू नकोस, म्हणजे एक घ्यायचा आणि एक द्यायचा. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. नीतिसूत्रांच्या लेखकाने हे दोन शब्द ऐकले असते तर त्याला समजावून सांगायला लागलं नसतं.

बाजारात प्रत्येक तराजूपाशी शोफेत बसवता येत नाही. म्हणून वजनाचा दगड हा मिशपाताच्या आधीचा. तो खरा असेल तर वेशीत जायची वेळच येत नाही.

सोवळेपणाची कल्पना मोडायला ‘उत्पत्ती’ या पुस्तकातली तामारेची गोष्ट पुरे. यहूदा नावाच्या माणसाची ही विधवा सून. तिच्या धाकट्या दिराशी तिचं लग्न लावून द्यायचं यहूदाने कबूल केलं होतं, आणि मग विषय टाळला. तामार वेश्येच्या वेषात रस्त्याच्या कडेला बसली, खुद्द सासऱ्यापासूनच तिला दिवस राहिले. बातमी फुटली तेव्हा यहूदा म्हणाला, बाहेर काढा आणि जाळून टाका. तिने त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी पाठवली. यहूदाने ओळखलं आणि म्हणाला, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. क्रियापद त्सदाकाच्याच मुळातलं. लैंगिक शुचितेच्या मोजपट्टीने हे वाक्य अजिबात बसत नाही. घराण्याचं देणं कुणी बुडवलं आणि कुणी पुरं करायला जीव धोक्यात घातला, या मोजपट्टीने बसतं. रविवारच्या उपदेशात हा अध्याय सहसा निघत नाही, त्याचं कारणही तेच असावं.

उलट बाजू पाहायची तर नाबोथाचा द्राक्षमळा, १ राजे २१. अहाब राजाला वाड्याशेजारची ती जमीन भाजीच्या बागेसाठी हवी होती. बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा रुसून तोंड फिरवून पलंगावर पडला. पुढचं राणी ईजबेलीने पाहिलं, आणि ते वाचताना तिची कारकुनी पाहून थक्क व्हायला होतं. राजाच्या नावाने पत्रं, त्यावर शिक्का, गावच्या वडिलांना आणि सरदारांना रवाना. उपासाचा दिवस जाहीर. नाबोथाला मानाच्या जागी बसवायचं. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून मोजून दोन साक्षीदार, दोघेही हलकट. आरोप देवाला आणि राजाला शिव्याशाप दिल्याचा. शिक्षा गावाबाहेर नेऊन दगडमार. एकही पायरी चुकली नाही. मिशपाताची सगळी चौकट जागेवर होती आणि आत खून होता. मला यात सगळ्यात भयानक वाटतात ते गावचे वडील. पत्र आलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. एलीया संदेष्टा मळ्यात येऊन अहाबाला गाठतो आणि विचारतो, खूनही केलास आणि ताबाही घेतलास?

दोन शब्द वेगळे का ठेवावे लागतात ते इथे कळतं. निवाड्याची यंत्रणा विकत घेता येते, आणि ती विकली गेली की तिच्याच दाराशी दाद मागून उपयोग नसतो.

आमोसाचं प्रसिद्ध वाक्य याच फरकावर उभं आहे: न्याय पाण्यासारखा लोटू दे आणि नीतिमत्त्व ‘नाहाल एतान’सारखं. आमोस तकोवाचा, यहूदाच्या वाळवंटाच्या काठचा गुराखी. तिकडचे ओढे पावसात दणदणीत वाहतात आणि उन्हाळ्यात दगड उघडे पडतात. नाहाल एतान म्हणजे न आटणारा, बारमाही ओढा. लोंढा न्यायाचा, बारमाहीपण नीतिमत्त्वाचं. कोकणातला किंवा माणदेशातला, दोन्हीकडचा वाचक हे बिनभाषांतराचं समजेल.

यशया संदेष्टा तर शब्दांशीच खेळला. देवाने द्राक्षमळा लावला, मिशपाताची वाट पाहिली तर दिसला ‘मिसपाख’, म्हणजे रक्तपात. त्सदाकाची वाट पाहिली तर ऐकू आली ‘त्सआका’, म्हणजे आक्रोश. एका अक्षराच्या फरकाने पीक बदललं. आणि हा आक्रोश तोच, पांघरूण गेलेल्या माणसाचा. निर्गमातलं ‘ओरडला’ हे क्रियापद याच शब्दाचं.

एवढं करून हेही कबूल करायला हवं की ही रेघ सगळीकडे इतकी ठळक नाही. पुष्कळ ठिकाणी ‘मिशपात आणि त्सदाका’ मिळून एकच कल्पना होते, दुबळ्यांच्या बाजूने राज्य चालवण्याची. मोशे वाइनफेल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचं नातं कर्जमाफी जाहीर करणाऱ्या मेसोपोटेमियाच्या राजांशी जोडून दाखवलंय. पुढच्या काळात ज्यू परंपरेत त्सदाका म्हणजे थेट दानधर्मच झाला. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, कुटुंबाला त्सदाका म्हटल्यावर पैशाची पेटी आठवेल, आणि ते चूकही नाही. ख्रिस्ती वाचकाच्या डोक्यात मात्र प्रेषित पौलाचं ‘विश्वासाने नीतिमान ठरणं’ इतकं पक्कं बसलेलं असतं की तो तोच अर्थ शलमोनाच्या नीतिसूत्रांत घेऊन जातो. तिथे तो नाही.

आता ते १५ ऑगस्टचं वचन. राष्ट्रासाठी तिथे ‘गोय’ शब्द आहे, कुठल्याही राष्ट्राला लागू पडणारा. उंचावणारी आहे ती त्सदाका. वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक गंमत दडलीय: ‘नामुष्की’ या अर्थाचा शब्द ‘हेसेद’ हा एरवी ‘दया’ या अर्थाने येतो, नामुष्कीच्या अर्थाने तो फार दुर्मीळ. त्यामुळे तालमूद या ज्यू चर्चाग्रंथात रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ‘राष्ट्रांची दया म्हणजे पाप’ असंही वाचून पाहिलं आणि त्यावर वाद घातला. योहानान बेन जक्काई यांनी शेवटी असा अर्थ लावला की जसा पापबली इस्राएलासाठी प्रायश्चित्त करतो, तशी त्सदाका इतर राष्ट्रांसाठी करते. ग्रीक भाषांतरात तर ‘पापं वंशांना घटवतात’ असं आलंय, बहुधा हिब्रूतल्या द आणि र या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमुळे.

राष्ट्राची त्सदाका कशी दिसते, ते यिर्मया संदेष्ट्याने एकाच घरातल्या दोन राजांकडे बोट दाखवून सांगितलं. यहोयाकीम वाडा बांधतोय. मोठ्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, वर हिंगूळाचा रंग, आणि मजुरांना मजुरी नाही. वाडा नीतिमत्त्वावाचून आणि माड्या न्यायावाचून उठतायत, असं यिर्मया म्हणतो. आणि तुझा बाप योशीया? तोही खाऊन-पिऊन होता. पण त्याने दीनदुबळ्यांचा वाद चालवला, आणि मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय, असं परमेश्वर विचारतो.

बहुधा योशीयाच्याच काळातलं एक खापर १९६०मध्ये पुरातत्त्वज्ञ योसेफ नावेह यांना भूमध्य किनाऱ्यावर याव्ने-यामजवळच्या एका गढीत मिळालं. त्यावर शाईने लिहिलेला अर्ज आहे. कापणीवर काम करणारा एक मजूर अधिकाऱ्याला लिहून कळवतोय: मी माझं काम पुरं केलं, धान्य कोठारात घातलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊबंद साक्ष देतील. माझा काही गुन्हा नाही, माझं वस्त्र परत करवा. शेवटच्या ओळी झिजल्यात, पण त्या साधारण अशा वाचतात: आणि ते परत करवणं आपल्यावर बंधनकारक नसलं, तरी आपल्या या सेवकावर दया करा.