बॅटरी बसली की दम कोंडला? कॉर्डलेस व्हॅक्युम चालू होत नाही तेव्हा

कॉर्डलेस व्हॅक्युम बंद पडला की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, बॅटरी गेली, नवी टाका. फॅमिली ग्रुपवर तेच, सोसायटीत तेच, आणि दुकानात तर मशीन हातात न घेताच तेच. मला याचा आता खरंच वैताग आलाय. बॅटरी बसणं आणि मशीनचा दम कोंडणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला काही हजार रुपये लागतात आणि दुसरीला बादलीभर पाणी, पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात कारण बटण दाबलं तर काहीच होत नाही.

बॅटरी बसणं म्हणजे काय ते मोबाईलमुळे सगळ्यांना कळतं. आत लिथियम आयनचे सेल असतात, बहुतेक वेळा पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड, साधारण ३.६ व्होल्टचा एकेक. ६ सेल ओळीत जोडले की २१.६ व्होल्ट, ७ जोडले की २५.२, पॅकवर हेच आकडे छापलेले असतात. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर सेल म्हातारे व्हायला लागतात, आधी ४० मिनिटं चालणारा २० मिनिटं चालतो, मग १०. बस्स.

दम कोंडणं मात्र कोणी लक्षातच घेत नाही. या मशीनच्या छोट्या मोटरला थंड ठेवणारी हवा म्हणजे ती जी हवा ओढते तीच, वेगळा पंखा वगैरे नसतो. फिल्टर बुजला, नळीत काहीतरी अडकलं, डबा गच्च भरला की हवा येत नाही, मोटर तापते, आणि आतलं सर्किट मोटर जळू नये म्हणून स्वतः बंद करतं. काही मशीन अशा वेळी गचके देतात, चालू बंद चालू बंद, काही सरळ गप्प होतात आणि एखादा दिवा लुकलुकत राहतो, आणि तापून गप्प झालेलं मशीन तुम्ही लगेच परत दाबलंत तर ते हूं की चूं करत नाही. इथेच माणूस म्हणतो बॅटरी गेली.

आमच्या शेजारच्या काकूंचं भाऊबीजेनंतर हेच झालं. चार दिवसांच्या रांगोळ्या दारातून व्हॅक्युमने उचलल्या, तिसऱ्या दिवशी मशीन बंद, दुकानदाराने फोनवरच बॅटरी बदला म्हणून सांगितलं आणि काकू ऑर्डर करायच्या बेतात होत्या. मी फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटला तर गुलाबी, पिवळी, हिरवी पूड पडतच राहिली, घड्यांच्या आतपर्यंत थर बसून तो भाग फरशीच्या तुकड्यासारखा कडक झाला होता. फुंकर मारली तर हवा पलीकडे जात नव्हती. रांगोळी म्हणजे दगडाची पूडच, तिचे कण इतके बारीक की डब्यात थांबत नाहीत, थेट फिल्टरवर जाऊन बसतात. पीओपीची धूळ, घरात फरशीचं काम झाल्यावरची पांढरी भुकटी, तिचंही तेच. फिल्टर धुवून वाळवून लावला आणि जुन्याच बॅटरीवर मशीन चालू झालं.

आता मुद्द्याचं, हे दोन ओळखायचे कसे. कानाने. आणि हे लोकांना उलटं वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

लोकांची समजूत अशी की नळी बुजली की मोटरवर लोड येतो, ती दमते, आवाज जड होतो. खरं नेमकं उलटं आहे. मोटरचं काम हवा ढकलणं, हवाच येत नसेल तर तिच्यावर काम कमी पडतं आणि ती जास्त वेगाने फिरते. मशीन चांगलं चालत असेल तेव्हा नळीच्या तोंडावर तळहात ठेवून बघा, आवाज बारीक होऊन वर चढतो, शिट्टीसारखा. म्हणजे बंद पडायच्या आधी आवाज चढलेला होता, किंचाळल्यासारखा होता, तर दम कोंडलाय. याउलट बॅटरी बसत आली की आवाज खाली येतो, जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरल्यावर गाणं जसं ओघळायचं तसा, किंवा चालू होता होताच विझतो. चढला तर हवा, बसला तर बॅटरी. बंद पडलेल्या मशीनकडे बघून हे कळणार नाही, बंद पडायच्या आधीचा अर्धा मिनिट आठवावा लागतो, म्हणून मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो की आवाज कसा येत होता.

दुसरी खूण म्हणजे मोड. म्हातारी बॅटरी कमी पॉवरवर निमूट चालते आणि मॅक्सवर टाकलं की दोन सेकंदात मान टाकते, कारण जास्त करंट मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो. फिल्टर बुजलेला असेल तर नळी आणि ब्रश काढून नुसतं मशीन हातात धरलं तरी बंद पडतं. नळी काढल्यावर नीट चाललं तर नळीत किंवा ब्रशमध्ये बोळा आहे, एवढं सोपं.

आणि आता तो सापळा ज्यात माहीतगार पण फसतात. कोणीतरी सांगतं तासभर थांबा, थंड झाल्यावर चार्ज न करता चालू झालं तर बॅटरी चांगली आहे. हे अर्धवट आहे. थकलेली बॅटरी पण आराम मिळाला की थोडी सावरते, व्होल्टेज वर येतो आणि मशीन चालू होतं. नुसतं चालू झालं यावरून काही ठरत नाही, किती वेळ आणि कसं चाललं ते बघा. थंड झालेलं मशीन पूर्ण जोरात सुरू होऊन काही मिनिटांनी चढ्या आवाजात परत बंद पडलं तर हवा, पाच दहा सेकंदात मंदावत विझलं तर बॅटरी. या टेस्टसाठी कृपया फिल्टर काढून मशीन चालवत बसू नका, धूळ थेट मोटरमध्ये जाते, आणि काही मॉडेल फिल्टर नसेल तर चालूच होत नाहीत, म्हणजे परत नवा गोंधळ.

बाकीच्या किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. डबा टक आवाज करून बसला नसेल तर काही मशीन चालू होत नाहीत. ब्रशला केस गुंडाळले असतील तर कात्रीने कापा. चार्जिंगचे पितळी पॉइंट कोरड्या कपड्याने पुसा. भिंतीतलं सॉकेट मोबाईलचा चार्जर लावून तपासा, भिंतीतलं बटण बंद राहिलेलं मी दोनदा पाहिलंय. चार्जर हरवला म्हणून पिन बसतेय तो कुठलाही लावू नका, व्होल्टेज जुळलाच पाहिजे.

बॅटरीच्या बाजूला पण एक खोटं मरण असतं. तुम्ही चार महिने मुलीकडे अमेरिकेला गेलात, मशीन कपाटात रिकाम्या बॅटरीने पडून राहिलं, तर सेलचा व्होल्टेज इतका खाली जातो की पॅकमधलं सर्किट सेलचा बाहेरशी संबंधच तोडून टाकतं. पॅकचाच चार्जर लावून काही तास सोडा, कधीकधी हळूहळू जागी होते. नाही झाली तर सोडून द्या. व्हिडिओत बघून वायरने बाहेरून करंट देऊन उठवायला जाऊ नका, फार खाली गेलेल्या सेलच्या आत तांबं विरघळलेलं असतं आणि पुढे चार्जिंगला शॉर्ट होऊन आग लागू शकते. नागपूर अकोल्याकडे मे महिन्यात वेगळंच, बंद गॅलरीत टांगलेला पॅक दुपारी चार्जच घेत नाही, कारण साधारण ४५ अंशांच्या वर गेला की सर्किट चार्जिंग नाकारतं. खोलीत आणा, गार होऊ द्या, घेतो.

एक जुना सल्ला तर बंदच व्हायला पाहिजे, बॅटरी पूर्ण उतरवा आणि मगच चार्ज करा. हा निकेल कॅडमियमच्या काळातला आहे, १९७९ साली डस्टबस्टर हा हातात धरायचा कॉर्डलेस व्हॅक्युम आला तेव्हा आत तसे सेल होते. लिथियमला पूर्ण उतरणंच बाधतं. मशीन ठेवून द्यायचं असेल तर अर्ध्या चार्जवर ठेवा.

आणि फिल्टर धुतल्यावर २४ तास वाळवा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते जुलैतल्या मुंबईला किंवा रत्नागिरीला धरून लिहिलेलं नाही. तिथे फिल्टर दोन तीन दिवस पंख्याखाली ठेवा, गालाला लावून बघा, गार लागला तर ओला आहे. ओला फिल्टर लावला की धुळीचा चिखल होतो, दम परत कोंडतो आणि ओल मोटरपर्यंत जाते. मी तर दुसरा फिल्टर घेऊनच ठेवतो, बॅटरीच्या मानाने अगदी स्वस्त पडतो.

बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, तीन वर्षांची बॅटरी आणि कधीच न धुतलेला फिल्टर. तेव्हाही आधी फिल्टर, नळी, ब्रश साफ करा, पूर्ण चार्ज करा आणि घड्याळ लावून कमी पॉवरवर किती मिनिटं चालतं ते बघा. त्यानंतरही पाच सात मिनिटांत आवाज बसला तरच नवा पॅक घ्या, आणि जुना घंटागाडीत टाकू नका, दाबला गेला तर पेट घेतो, ई कचरा घेणाऱ्यांकडे द्या.