शस्त्रक्रियेतील भूल व औषधयोजना

शस्त्रक्रियेच्या काळात रुग्णाची वेदना, जाणीव, स्नायूंचा ताण आणि शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया औषधांनी तात्पुरत्या रोखून धरणे, तेवढ्या वेळात त्याचा श्वास व रक्ताभिसरण सांभाळणे आणि काम संपल्यावर त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, या सर्व उपचाराला भूल देणे असे म्हणतात. लोकांच्या बोलण्यात भूल म्हणजे एक इंजेक्शन असते. प्रत्यक्षात ती शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी सुरू होऊन नंतरही काही दिवस चालणारी औषधयोजना आहे. तिच्यातील कितीतरी धोके थिएटरचे दार उघडण्यापूर्वीच, रुग्णाने काय सांगितले आणि काय सांगायचे राहून गेले यावर ठरून गेलेले असतात.

आधुनिक भूलशास्त्राचा आरंभ १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग करून दाखविला तेव्हापासून मानला जातो. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करता येतो हे दाखविले आणि १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी तेच औषध मणक्यातील द्रवात सोडून शरीराचा खालचा भाग बधिर केला. दक्षिण महाराष्ट्रात पाश्चात्त्य शल्यवैद्यक रुजले ते मुख्यतः मिरजेत. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय तेथे १८९४ मध्ये उभे राहिले, आणि रेल्वेच्या सोयीमुळे कर्नाटकातूनही रुग्ण येऊ लागले. चेहऱ्यावर धरलेल्या जाळीच्या मुखवट्यावर क्लोरोफॉर्म किंवा ईथर थेंबथेंब टाकण्याचा तो जमाना होता. मात्रा मोजण्याचे साधन म्हणजे भूल देणाऱ्याचे बोट आणि डोळे एवढेच असे. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज मिरज-सांगली आणि कराड ही या भागातील शस्त्रक्रियेची मोठी केंद्रे आहेत. विटा, इस्लामपूर, तासगाव, फलटण, वाई अशा तालुक्याच्या गावांतील लहान रुग्णालयांत मात्र भूलतज्ज्ञ बहुधा पूर्णवेळ नसतो. तो आपली औषधांची बॅग घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात असतो. अशा वेळी रुग्ण आणि भूलतज्ज्ञ यांची पहिली भेट अनेकदा थिएटरच्या दारातच होते, ही या व्यवस्थेची खरी कमजोरी आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

रक्ततपासण्या, हृदयाचा आलेख आणि छातीचा एक्स-रे यांना बोलीभाषेत ‘फिटनेस’ म्हटले जाते, आणि तो कागद हाती आला की तपासणी संपली असे नातेवाईक धरून चालतात. भूलतज्ज्ञाला याहून अधिक माहिती प्रश्न विचारून आणि तोंड उघडायला लावून मिळते. रुग्णाला तोंड पुरते उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात. वरच्या व खालच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात का आणि घशातील पडजीभ दिसते का ते पाहतात, मान मागे किती झुकते हेही तपासतात. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि तोंडच उघडत नसेल तर ती नेहमीच्या पद्धतीने घालता येत नाही. गुटखा, मावा व सुपारीच्या सवयीने गालाच्या आतील अस्तर पांढरे, ताठर होत जाते आणि तोंड दोन किंवा एकाच बोटापुरते उघडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी असे जबडे दवाखान्यांत आजही सर्रास दिसतात. अशा रुग्णाची नळी नाकावाटे, दुर्बिणीच्या साहाय्याने आणि बऱ्याचदा रुग्ण जागा असतानाच घालावी लागते. त्याची तयारी आधी असेल तर हे काम शांतपणे होते. भूल दिल्यावर अडचण लक्षात आली तर प्राणवायूअभावी मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा असतो. फवारणीच्या औषधांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निष्क्रिय करतात. नळी घालण्यापूर्वी स्नायू झटपट सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सक्सामेथोनियम या औषधाचे विघटन याच विकराकडून होते. एरवी पाच-दहा मिनिटांत उतरणारा त्याचा परिणाम अशा रुग्णात बराच लांबू शकतो आणि तोपर्यंत श्वास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून नुकतीच विषबाधा होऊन गेलेल्या किंवा हंगामभर फवारणी करणाऱ्या माणसाने ती गोष्ट सांगणे आवश्यक असते, मग शस्त्रक्रिया अपेंडिक्सची का असेना.

चालू गोळ्यांच्या बाबतीत एकच नियम सर्वांना लागू पडत नाही. बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या अचानक बंद करणे धोक्याचे असते, म्हणून त्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्याव्या लागतात. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र भुलीखाली रक्तदाब फार उतरवू शकतात, म्हणून त्या बहुधा आदल्या दिवसापासून थांबवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन त्या दिवशी देत नाहीत. मधुमेहाच्याच डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या तीन दिवस आधीच बंद कराव्या लागतात, कारण त्यांच्यामुळे रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आणि वॉरफेरिन पाच दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेत नाहीत. ॲस्पिरिन थांबवायची की नाही हे शस्त्रक्रिया कोणती आणि ही गोळी कशासाठी चालू आहे यावर अवलंबून असते. सर्वांत फसवा प्रकार सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांचा आहे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ते दीर्घकाळ पोटात गेल्याने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनवण्यात सुस्तावतात आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. ही शक्यता कळली तर हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन तो प्रसंग टाळता येतो. ‘गावठी औषध आहे, त्याला काय होतंय’ म्हणून ही पुडी यादीतून वगळली जाते.

उपाशीपोटी राहण्याचा नियम जितका साधा तितकाच मोडला जाणारा आहे. भुलीखाली गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, त्यामुळे जठरातील अन्न किंवा आम्ल उलटून फुप्फुसात जाऊ शकते. तळलेले किंवा भरपेट जेवण असेल तर आठ तास, हलका आहार असेल तर सहा तास, अंगावरच्या दुधासाठी चार तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तास, असा प्रघात आहे. घोळ होतो तो चहाने. दुधाचा चहा हा स्वच्छ द्रव नाही, तो आहाराच्या हिशेबात धरतात. ‘काहीच दिलं नाही हो, नुसता घोटभर चहा पाजला’ असे सून सासूविषयी निर्धास्तपणे सांगते आणि सकाळची शस्त्रक्रिया दुपारवर जाते. याच्या उलट, दहाच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून पाणीही बंद ठेवणे हाही अतिरेकच आहे. त्याने म्हातारी माणसे व लहान मुले सुकून जातात.

पाठीतून दिली जाणारी भूल

सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, गर्भपिशवी आणि पायाच्या हाडांच्या शस्त्रक्रिया या भागात बहुतांशी स्पायनल भुलीखाली होतात. तिला सामान्यपणे ‘कमरेतलं इंजेक्शन’ म्हणतात. रुग्णाला टेबलावर बसवून किंवा कुशीवर झोपवून पाठ बाहेर काढायला सांगतात: ‘आजी, हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा.’ दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांना जोडणारी कल्पित रेषा ज्या मणक्याजवळून जाते त्याच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यांमधल्या फटीत, सुई घालतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याशी संपलेला असतो आणि खाली द्रवात सुटे चेतातंतूच असतात, म्हणून ही जागा निवडलेली आहे. केसासारख्या बारीक सुईच्या टोकातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला की दोन ते तीन मिलिलिटर बुपिव्हकेन सावकाश सोडतात. हे बधिर करणारे औषध डेक्स्ट्रोज (साखर) मिसळून मज्जाद्रवापेक्षा जड केलेले असते, त्यामुळे रुग्णाच्या शरीराचा उतार बदलून ते कुठपर्यंत चढावे हे काही प्रमाणात ठरवता येते. प्रथम पावलांना ऊब जाणवते, मग मुंग्या येतात आणि काही मिनिटांत ‘पाय उचला बघू’ म्हटले तरी पाय हलत नाहीत. परिणाम साधारण दोन ते तीन तास टिकतो. ओढल्याची, दाबल्याची जाणीव काही रुग्णांना राहते. ती वेदना नसते, पण आधी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरतो.

या भुलीचा नेहमीचा परिणाम म्हणजे रक्तदाब उतरणे. शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैलावतात व रक्त तेथेच साचते. सलाईन, पायांना उंची आणि मेफेंटरमिन किंवा फेनिलएफ्रिन यांची छोटी मात्रा यांनी तो सावरतात. गर्भवतीच्या उजव्या नितंबाखाली उशी देऊन गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवरून हलवतात. नंतर काही जणांचे, विशेषतः तरुण स्त्रियांचे, बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर डोके ठणकते आणि आडवे झाल्यावर थांबते. सुईच्या छिद्रातून मज्जाद्रव झिरपत राहिल्याने हे होते. सुई जितकी बारीक आणि टोक जितके पेन्सिलीसारखे बोथट, तितका हा त्रास कमी. विश्रांती, भरपूर पाणी व वेदनाशामके यांनी तो बहुतेकदा थांबतो. न थांबल्यास रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागेजवळ सोडून छिद्र बुजवतात. ‘सिझरच्या इंजेक्शनाने कंबर गेली’ हा समज मात्र साताऱ्यापासून जतपर्यंत घरोघरी पक्का आहे. टोचल्या जागी काही दिवस दुखणे शक्य असते, पण वर्षानुवर्षांची पाठदुखी या सुईमुळे होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. गरोदरपणात सैलावलेले सांधे, बाळाला वाकून घेणे, पाजताना चुकीचे बसणे आणि पुन्हा लगेच शेतातली वाकून करायची कामे ही कारणे अधिक संभवनीय आहेत.

ज्याचे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, जेथे सुई घालायची तेथेच जंतुसंसर्ग आहे किंवा ज्याचे बरेच रक्त वाहून गेले आहे, अशा रुग्णाला पाठीतून भूल देत नाहीत.

पूर्ण भूल

पोटाच्या वरच्या भागातील, छातीच्या, मेंदूच्या तसेच दुर्बिणीतून होणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रियांना पूर्ण भूल लागते. येथे एकाच औषधाकडून सर्व कामे करून न घेता प्रत्येक कामाला वेगळे औषध वापरतात. झोपेसाठी प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोन, वेदनेसाठी फेंटानिल, स्नायू सैल ठेवण्यासाठी ॲट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम आणि झोप टिकविण्यासाठी आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेन यांची वाफ प्राणवायूतून देतात. रक्तदाब आधीच खालावलेल्या अपघातग्रस्ताला केटामीन उपयोगी पडते, कारण ते सहसा रक्तदाब उतरवत नाही. शुद्धीवर येताना भास होणे हा त्याचा दोष आहे. शेवटी निओस्टिग्मिन व ग्लायकोपायरोलेट देऊन स्नायूंची शक्ती परत आणतात. रुग्ण डोके उचलून धरू लागला आणि पुरेसा श्वास घेऊ लागला की नळी काढतात. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे कॅप्नोग्राफ या दोन साधनांनी भुलीच्या सुरक्षिततेत जितकी भर घातली, तितकी कोणत्याही नव्या औषधाने घातली नसावी. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर कॅप्नोग्राफवर ते काही श्वासांतच कळते.

किरकोळ गाठी, टाके, दात यांसाठी लिग्नोकेनची स्थानिक भूल पुरते. तीही वजनाच्या हिशेबाने देतात, कारण जास्त मात्रा रक्तात गेल्यास झटके येतात व हृदयाची लय बिघडते. ॲड्रेनॅलिन मिसळल्यास लिग्नोकेन रक्तात हळू शोषले जाते आणि मात्रा थोडी वाढवता येते.

सोबतची व नंतरची औषधे

जखमेत पू होऊ नये म्हणून प्रतिजैविक द्यायचे ते त्वचेवर छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात, म्हणजे छेद घेतेवेळी ऊतींमध्ये त्याची पातळी पुरेशी असते. सेफाझोलिन यासाठी प्रचलित आहे. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर ते पाच-सात दिवस चालू ठेवण्याने जखम अधिक सुरक्षित होत नाही, तरीही गोळ्यांची पट्टी हातात पडल्याशिवाय घरच्यांचे समाधान होत नाही आणि डॉक्टरही ती लिहून मोकळे होतात. उलटी थांबविण्यासाठी ऑन्डॅनसेट्रॉन व डेक्सामेथासोन देतात. खुब्याच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिनची सुई लावतात.

वेदनाशमनाचा पाया पॅरासिटामॉल हा असून प्रौढाला ते दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे देत नाहीत. मूत्रपिंड ठीक असेल तर त्याला डायक्लोफिनॅकची जोड देतात, आणि गरजेप्रमाणे ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कडक नोंदणीमुळे लहान रुग्णालये मॉर्फीन ठेवण्याचे टाळतात. त्याऐवजी जखमेभोवती किंवा पोटाच्या भिंतीतील चेतातंतूंजवळ बुपिव्हकेन सोडण्याकडे कल वाढला आहे. दुखणे सहन करणे म्हणजे धीर, अशी आपल्याकडची धारणा येथे घातक ठरते. पोट दुखते म्हणून खोल श्वास न घेणाऱ्या आणि खोकला दाबणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात कफ साचतो.

त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाने भुलीनंतर चोवीस तास दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवू नये, दारू घेऊ नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, असे सांगितले जाते. थांबविलेली रक्त पातळ करणारी औषधे पुन्हा केव्हा सुरू करायची याची तारीख सोडतेवेळच्या कागदावर लिहून घ्यावी लागते. बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, पायातील न जाणारी बधिरता, लघवी अडकणे, ताप किंवा दम लागणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला परत तपासावे लागते.