दिवे एलईडी झाले, कंडेन्सर तसेच राहिले: कारखान्यांच्या वीजबिलाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी आणि गोदामांनी गेल्या दहा वर्षांत मोठ्या प्रमाणावर दिवे बदलले. वॅट कमी झाले, यात वाद नाही. पण उच्चदाब जोडणी असेल तर कागदावर मांडलेली बचत बिलात पूर्ण उतरतेच असे नाही. याचे मूळ दिव्यांत थोडे आणि २०१८ ते २०२० दरम्यान बदललेल्या मोजणीच्या नियमांत जास्त आहे.

आधी ट्यूबलाइटची जुनी पट्टी नीट पाहायला हवी. ३६ वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकवर चालली की चोक स्वतः १२ ते १४ वॅट खातो, म्हणजे एक पट्टी साधारण ५० वॅटची. तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खेचलेल्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.५ च्या आसपास. तो सावरण्यासाठी पट्टीतच ३.३ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) बसवत, किंवा मुख्य पॅनलवर सगळ्या दिव्यांसाठी मिळून एक कायम जोडलेली कपॅसिटर बँक ठेवत. २००५ च्या सुमारास भारनियमन तीव्र झाले तेव्हा दुकानदार सीएफएलकडे वळले, तर काही कारखान्यांनी इलेक्ट्रॉनिक चोकवरच्या २८ वॅटच्या टी-५ पट्ट्या घेतल्या. २००६ मध्ये ट्यूबवर वीजबचत दाखवणारे तारांकन (स्टार लेबल) आले. जानेवारी २०१५ मध्ये घरगुती एलईडी बल्बची देशव्यापी योजना सुरू झाली. घाऊक खरेदीत २०१४ ला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ४० रुपयांच्या खाली आला. योजना घरांसाठी होती, पण तिच्यामुळे औद्योगिक दिव्यांचे भावही उतरले आणि खरी लाट तिथून आली.

ठोकताळा सोपा होता. ५० वॅटच्या जागी २० वॅट, पट्टीमागे ३० वॅट वाचले. १०० पट्ट्या, रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १०,८०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,०८,००० रुपये. शेडमधल्या उंचावरच्या ४०० वॅटच्या मेटल हॅलाइडच्या जागी १५० वॅटचा एलईडी हाय बे बसवला तर फरक याहून मोठा, कारण तिथेही चोकचे ३०-४० वॅट वाचतात. शिवाय राज्य वीज नियामक आयोगाच्या पूर्वीच्या दर आदेशांत संध्याकाळी ६ ते १० या वेळेत युनिटला १ रुपया १० पैसे जादा लागत, आणि दिवे नेमके त्याच वेळी चालतात. हिशोब बरोबर होता, फक्त तो किलोवॅटचा होता.

आता ज्यावरून वाद झाला तो निर्णय. २०१८ पर्यंत पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर ठेवणाऱ्या ग्राहकाला बिलावर कमाल ७ टक्के सूट मिळे आणि ०.९ च्या खाली गेल्यास दंड बसे. हिशोबात फक्त लॅगिंग बाजू येई, म्हणजे चोक-मोटारींमुळे प्रवाह दाबाच्या मागे पडतो ती. लीडिंगकडे गेलेला, म्हणजे कपॅसिटरमुळे प्रवाह दाबाच्या पुढे धावणारा भार एकच्या बरोबरीचा धरला जाई. साहजिकच कारखान्यांनी गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लावले आणि ते रात्री, सुट्टीतही चालू ठेवले. नुकसान काहीच नव्हते, सूट मात्र पक्की होती.

१२ सप्टेंबर २०१८ च्या दर आदेशाने लीडिंग आणि लॅगिंग दोन्हींची बेरीज धरायला सुरुवात केली आणि सूट कमाल ३.५ टक्क्यांवर आणली. यामागचे विद्युतशास्त्र चोख आहे. रात्री भार कमी असताना जादा कपॅसिटरमुळे वाहिनीचा दाब वर चढतो, आणि तो प्रवाहही वाहिन्या आणि रोहित्रे अडवूनच ठेवतो. पण आदेश लागू झाला १ सप्टेंबरपासून, म्हणजे निघण्याच्या आधीच्या तारखेपासून! लीडिंग ओळखून कपॅसिटर आपोआप जोडणारा-काढणारा एपीएफसी पॅनल मागवून, बसवून, चाचणी घ्यायला काही आठवडे लागतात. आधीच्याच नियमांनी ज्यांना कपॅसिटर लावायला लावले, त्यांना ते काढायला एक बिलिंग महिनाही मिळाला नाही. लहान उद्योजकांची तक्रार या मुद्द्यावर रास्त होती. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल थेट केव्हीएएचवर, म्हणजे कामी येणारी आणि न येणारी वीज मिळून होणाऱ्या मोजणीवर आले. सूट आणि दंड दोन्ही त्यात विरघळले आणि प्रश्न कायमचा झाला.

दिव्यांचा संबंध इथे येतो. वरच्याच १०० पट्ट्या घ्या. जुन्या ट्यूबा असताना भार ५ किलोवॅट. चोकचे सुमारे ८.७ केव्हीएआर (कामी न येणारा भार) लॅगिंग आणि कंडेन्सरचे, २३० व्होल्टला पट्टीमागे ५५ व्हीएआर धरून, ५.५ लीडिंग. वजाबाकी करून उरतात ३.२, म्हणजे ५ आणि ३.२ च्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून एकूण ५.९ केव्हीए. मिस्त्रीने पट्टीत एलईडी ट्यूब बसवली, चोक बाजूला केला, कंडेन्सर मात्र तसाच ठेवला. आता भार २ किलोवॅट आणि लीडिंग ५.५ केव्हीएआर. एलईडीचा पॉवर फॅक्टर १ धरला तरी एकूण सुमारे ५.८५ केव्हीए. फक्त दिवे चालू असलेल्या तासांत मीटर जवळजवळ पूर्वीइतकाच पळतो! दिवसा मोटारी चालू असताना त्यांचा लॅगिंग भार हे झाकतो, म्हणून तपासणीला आलेल्या माणसाला काही दिसत नाही. महिन्याच्या हिशोबात मात्र दिवसाचे लॅगिंग आणि रात्रीचे लीडिंग एकमेकांना छेद देत नाहीत, त्यांची बेरीज होते.

म्हणून दिवे बदलताना पट्टी उघडून कंडेन्सरची वायर कापणे हे कामाच्या यादीत लिहून द्यावे. कापण्यापूर्वी पुरवठा बंद करून तो डिस्चार्ज करावा. चोक ठेवून चालणाऱ्या ट्यूबा टाळाव्यात, कारण चोकचे एक-दोन वॅट जातातच आणि कंडेन्सरही राहून जातो. पॅनलवर कायम जोडलेली बँक असेल तर ती कमी करावी किंवा कॉन्टॅक्टरवर (आपोआप उघड-बंद होणाऱ्या स्विचवर) घ्यावी. पडताळणी सोपी आहे: रात्री फक्त दिवे चालू ठेवून मीटरवर लीड आरकेव्हीएएचचा (लीडिंग भाराच्या नोंदीचा) आकडा तासाच्या अंतराने दोनदा टिपायचा. ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर आणि हार्मोनिक विकृती (प्रवाहाच्या लहरीतला बिघाड) २० टक्क्यांच्या आत असल्याचा चाचणी अहवाल मागावा. स्वस्त ड्रायव्हरमुळे तिसऱ्या हार्मोनिकचा प्रवाह तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये साचतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल निम्म्या जाडीची असेल तर ती तापते.

मागणी आकाराचेही, म्हणजे कमाल भारावर लागणाऱ्या शुल्काचेही, असेच. करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली बिल उतरत नाही, म्हणून दिव्यांचे वाचलेले केव्हीए अर्ज करून करारातून कमी केल्याशिवाय तो भाग हाती येत नाही. छोट्या लघुदाब दुकानाला यातले काहीच लागू नाही, तिथे बिल साध्या युनिटवर आणि वॅटचा हिशोब पुरेसा.

पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२३ च्या बैठकीत पारा असणाऱ्या ट्यूबलाइटचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरले. भारत या करारात आहे. उरलेल्या पट्ट्या आता बदलाव्याच लागतील. त्या वेळी जुन्याच पट्टीत ट्यूब बसवायची की अख्खी बॅटन (दिव्यासकट पट्टी) बदलायची हा निर्णय पुन्हा घ्यावा लागेल. बॅटन महाग पडते, पण तिच्यासोबत जुना कंडेन्सर छतावरून खाली येतो.