वायुविनिमय : कीटक, मासे आणि माणूस

पेशींना लागणारा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून किंवा पाण्यातून शरीरात येणे आणि पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणे, या दुहेरी देवाणघेवाणीला वायुविनिमय म्हणतात. रोजच्या बोलण्यात श्वासोच्छ्वास, श्वसन आणि वायुविनिमय हे शब्द एकाच अर्थाने येतात. शास्त्रीय लेखनात मात्र छातीचा भाता हलून हवा आतबाहेर होणे हा श्वासोच्छ्वास, पेशीत अन्नाचे ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मिळणे हे पेशीश्वसन आणि या दोहोंच्या मधली, पातळ व ओलसर पडद्यातून होणारी वायूंची ये-जा हा वायुविनिमय, असा भेद पाळावा लागतो.

ही ये-जा विसरणाने होते. वायूचे रेणू जास्त आंशिक दाबाकडून (मिश्रणातल्या त्या एकट्या वायूच्या दाबाकडून) कमी आंशिक दाबाकडे आपोआप सरकतात. त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. मात्र विसरण जवळच्या पल्ल्याचेच काम करते, कारण अंतर दहापट झाले की लागणारा वेळ शंभरपट होतो. एकाच सूक्ष्म पेशीच्या अमीबाला हे अंतर नगण्य असल्याने श्वसनेंद्रिय लागत नाही. मोठ्या प्राण्यांत कीटकांच्या नलिका, माशांचे कल्ले आणि माणसाची फुप्फुसे दिसायला कितीही वेगळी असली, तरी ती या एकाच अडचणीवर काढलेले मार्ग आहेत.

कीटक हवाच पेशीच्या दारापर्यंत नेतात. झुरळाच्या अंगाच्या दोन्ही कडांना श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात : २ वक्षावर आणि ८ उदरावर. तिथून आत गेलेल्या श्वासनलिकांना फाटे फुटत जातात व शेवटच्या सूक्ष्मनलिकांचा व्यास १ मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरतो. नलिका दबून मिटू नये म्हणून तिच्या अस्तरात स्प्रिंगसारखे कायटिन या चिवट द्रव्याचे वेटोळे असते, आणि कात टाकताना कीटक अंगावरच्या कवचाबरोबर मोठ्या नलिकांचे हे अस्तरही टाकून देतो. नाकतोडा अलगद धरून पाहिला, तर त्याचे उदर एका लयीत आकसताना आणि फुगताना दिसते. आतल्या हवेच्या पिशव्या त्यामुळे दाबल्या जाऊन हवा पुढे ढकलली जाते. एरवी रंध्रांवरच्या झडपा बऱ्याच वेळा मिटलेल्या असतात, कारण उघड्या रंध्रातून अंगातले पाणी वाफ होऊन निघून जाते.

कीटकांच्या रक्तात सहसा ऑक्सिजन वाहून नेणारे रंगद्रव्य नसते. मत्स्यालयातल्या माशांना खाऊ घालतात त्या लाल अळ्या याला अपवाद आहेत : त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात तो त्यांना उपयोगी पडतो. झुरळावर नुसते पाणी टाकले तर ते पळून जाते, पण साबणाचे पाणी टाकले तर मरते; साबणाने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून धरणारा ताण, कमी होतो आणि एरवी रंध्राशी अडणारे पाणी नलिकांत शिरते. क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून आणि शेपटीकडची श्वसननळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून लटकते. साठलेल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरून अळ्या मारतात, तो उपाय याच नळीवर चालतो.

माशांची परिस्थिती सर्वांत बिकट आहे. १ लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. २० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम ६ ते ७ मिलिलिटर विरघळतो आणि पाणी तापले की आणखी घटतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने ते हलवायलाच मोठे श्रम पडतात. म्हणून मासा पाणी एकाच दिशेने वाहते ठेवतो : तोंडातून आत, कल्ल्यांवरून पुढे आणि प्रच्छदाखालून, म्हणजे कल्ल्यांवरच्या झाकणाखालून, बाहेर. बहुतेक हाडमाशांत प्रत्येक बाजूला कल्ल्यांना आधार देणाऱ्या ४ क्लोमकमानी असतात. त्यांवर क्लोमतंतूंच्या रांगा आणि प्रत्येक तंतूवर पत्रिका, म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे, असतात. पत्रिकांतले रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते, आणि कल्ल्याचे सारे सामर्थ्य या साध्या रचनेत आहे. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहते तर थोड्या वेळात त्यांतला ऑक्सिजनचा दाब सारखा होऊन देवाणघेवाण थांबली असती. प्रतिप्रवाहात मात्र रक्ताला वाटेत प्रत्येक टप्प्यावर आपल्यापेक्षा ऑक्सिजनचा दाब जास्त असलेले पाणी भेटत राहते, त्यामुळे काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेतात. माणूस हवेतल्या ऑक्सिजनचा जेमतेम चौथा हिस्सा घेतो.

बाजारात मासळी घेताना प्रच्छद उचलून कल्ले लालभडक आहेत का ते पाहतात. तो लाल रंग पत्रिकांतल्या रक्ताचा असतो. मासा शिळा होत गेला की तो तपकिरी पडतो. पाण्याबाहेर काढलेला मासा भरपूर ऑक्सिजनच्या हवेत गुदमरतो, कारण पाण्याचा आधार गेल्यावर पत्रिका एकमेकींना चिकटतात आणि विनिमयाचे क्षेत्रफळच उरत नाही. कोकणच्या खाड्यांतली निवटी कल्ल्यांच्या पोकळीत ओल राखून आणि ओलसर त्वचेतूनही ऑक्सिजन घेऊन चिखलावर वावरू शकते. मरळ माशाला तर कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी खास पोकळी असते व पृष्ठभागावर येऊन त्याला हवा घ्यावीच लागते.

माणसात विनिमयाचा पडदा शरीराच्या आत, ओलाव्यात सुरक्षित आहे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० कोटींहून अधिक वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, असतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर मानले जाते. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले (सर्वांत बारीक रक्तवाहिनीतले) रक्त यांच्यामधला पडदा पातळ जागी सुमारे अर्धा मायक्रोमीटर असतो. वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा, तर तिथे येणाऱ्या रक्तात ४० असतो; विश्रांतीत रक्त केशवाहिनीत पाऊण सेकंद असते, पण दाब सारखा व्हायला पाव सेकंदच पुरतो. कार्बन डायऑक्साइडच्या दाबातला फरक फक्त ६ मिलिमीटर असूनही तो सहज बाहेर पडतो, कारण तो ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सुलभतेने पडद्यातून जातो. वायुकोशांच्या आतला ओलावा स्वतःच्या पृष्ठताणाने त्यांना मिटवू पाहतो. सर्फॅक्टंट हे स्निग्ध द्रव्य तो ताण कमी करते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते पुरेसे तयार झालेले नसते आणि त्याचा प्रत्येक श्वास कष्टाचा होतो.

या विषयाच्या इतिहासात माणूस आणि कीटक एकमेकांच्या जवळ आले आहेत. मार्चेल्लो मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांचे वर्णन केले आणि १६६९ मध्ये रेशीमकिड्याच्या श्वासनलिकांचे. पुढे डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर यांचे मत असे होते की फुप्फुस ऑक्सिजन जोर लावून रक्तात स्रवते. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि ऑगस्ट यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी काटेकोर मोजमापे करून १९१० मध्ये दाखवले की फुप्फुसात विसरणच पुरेसे आहे. दहा वर्षांनी ऑगस्ट क्रोग यांनी कीटकांच्या श्वासनलिकांची लांबी-रुंदी मोजून हाच हिशोब मांडला, आणि तोही जुळला.