दर दोन तासांनी कूस: शय्याव्रणाच्या सेन्सरमागचा इतिहास

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बेडसोर (शय्याव्रण, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून हवेची गादी आणतात. वृद्धसेवा केंद्रांना आता त्यापुढे जाऊन सेन्सरही सुचवले जातात. त्यांची मुळं बरीच जुनी आहेत.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी १८५३ मध्ये मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवून दिलं होतं की, अंगाचा एकच भाग सतत दाबला जाऊ दिला नाही आणि लघवी-शी वेळच्या वेळी धुतली, तर जखम होत नाही. पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी मात्र दोष मज्जातंतूंवर टाकला. मज्जातंतूच गेले तर जखम होणारच, ही समजूत रुग्णांना फार महागात पडली. ती मोडली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. तिथे १९४४ पासून डॉक्टर गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं.

दाबाचे आकडेही त्याच सुमाराचे. संशोधक लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या मुळाशी केशवाहिनीतला (सगळ्यांत बारीक रक्तवाहिनीतला) दाब मोजला, तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर भरला. हाच आकडा पुढे गाद्यांच्या जाहिरातींत सुरक्षित मर्यादा म्हणून वापरला गेला. निरोगी बोटाचा आकडा वाळलेल्या म्हाताऱ्या शरीराच्या माकडहाडाला कसा लागू पडेल? १९५९ मध्ये डॉक्टर कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब बराच वेळ, दोन्ही सारखेच घातक. म्हणजे दाबाइतकाच वेळही मोजायला हवा. सेन्सरचं मूळ काम हेच.

आजचे सेन्सर मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिली, गादीवर अंथरायची दाबमापक चादर. तिच्यावर एकच पातळ चादर हवी. वर चौपदरी वाकळ आणि रेक्झिन घातलं तर चुण्यांचा दाब हाडाचा म्हणून दिसतो, आणि पावसाळ्याच्या दमटपणात घाम साचून कातडी भिजते ती वेगळीच. शिवाय ही चादर सहसा सरळ दाबच मोजते. पेज भरवताना खाटेची डोक्याकडची बाजू उचलून नंतर तशीच ठेवली, तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाते. ती ओढ पडद्यावर दिसत नाही. जेवणानंतर अर्धा-एक तास थांबून ती बाजू ३० अंशांच्या आत आणावी.

दुसरी तऱ्हा छातीवर चिकटवायच्या छोट्या यंत्राची. अंग किती अंशांत वळलं आणि केव्हा, हे ते सांगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अतिदक्षता विभागातल्या चाचणीत या यंत्रामुळे वेळेवर कूस बदलण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांऐवजी ६७ टक्के भरलं आणि जखमा घटल्या. टाचेचं मात्र त्याला काही कळत नाही. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवावीच लागते.

तिसरी तऱ्हा कातडीखालचा ओलावा मोजणाऱ्या हातयंत्राची. आपल्याकडे हीच सगळ्यांत मोलाची. गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते, सावळ्या कातडीवर ती लपते. आत सूज धरली की ओलावा आधी वाढतो. यंत्र नसेल तर हाताच्या पाठीने ऊब पाहा, बोटाने कडकपणा पाहा. गरम किंवा दगडासारखी लागणारी जागा चोळू नका. स्पिरिट-पावडरचं मालिश आणि रबरी रिंग, दोन्ही आता टाळतात, कारण रिंगच्या काठाशी रक्त अडतं.

दोन तासांचा नियमही अटळ नाही. २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या वृद्धसेवा केंद्रांत दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांच्या अंतरात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडच्या गोळे झालेल्या कापसाच्या गादीला ही सवलत लावू नये. हवेच्या गादीचा पंपही वीज गेली की थांबतो. तेव्हा पुन्हा दोन तासांवर यावं.

सेन्सर वाजल्यावर उठणारं माणूस मात्र हवंच. रात्रपाळीला एकच मावशी असेल आणि आठ जणांना दहा वाजता एकदम वळवलं, तर बाराला आठही खाटा एकदम वाजतात. मग आवाज बंद केला जातो. म्हणून दहाला पहिली खाट, सव्वादहाला दुसरी, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी लावावं. पावणेबाराला आठवी होते आणि बाराला पुन्हा पहिलीची पाळी येते.