रक्तदाबाच्या औषधांचे चयापचयी दुष्परिणाम

रक्तदाब उतरवणाऱ्या काही औषधांमुळे रक्तातील साखर, चरबी, यूरिक आम्ल आणि सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार यांच्या प्रमाणात जे बदल होतात, त्यांना चयापचयी दुष्परिणाम म्हणतात. घोट्यावरची सूज किंवा कोरडा खोकला रुग्णाच्या लगेच लक्षात येतो. हे बदल मात्र रक्त तपासल्याशिवाय सहसा कळत नाहीत.

यांत सर्वाधिक चर्चा थायझाइड व त्यासारख्या मूत्रलांची, म्हणजे बोलीतल्या ‘लघवीच्या गोळी’ची होते. ही औषधे मूत्रपिंडावाटे सोडियम काढून टाकताना पोटॅशियमही घालवतात आणि पोटॅशियम घटले की स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी पाझरते. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, आरंभी मधुमेह नसलेल्या रुग्णांपैकी चार वर्षांनी उपाशीपोटीची साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मधुमेहाची पातळी) किंवा त्याहून अधिक आढळलेल्यांचे प्रमाण क्लोरथॅलिडोन हे थायझाइडसारखे मूत्रल घेणाऱ्यांत ११.६ टक्के, तर मूत्रल नसलेल्या औषधांपैकी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांत ९.८ टक्के आणि लिसिनोप्रिल घेणाऱ्यांत ८.१ टक्के होते. तेवढेच सांगून थांबणे दिशाभूल करणारे ठरेल, कारण हृदयविकाराचा झटका व त्या विकाराने होणारे मृत्यू तिन्ही गटांत जवळपास सारखेच होते. शिवाय हे परिणाम मात्रेबरोबर वाढतात. पूर्वी ५० ते १०० मिलिग्रॅम दिले जाणारे क्लोरथॅलिडोन आज बहुधा १२.५ ते २५ मिलिग्रॅमच दिले जाते.

मूत्रलांमुळे यूरिक आम्लही साठते व संधिवाताचा गाऊट हा प्रकार उद्भवू शकतो. कोल्हापुरात याला आहाराची जोड मिळते. तांबड्या-पांढऱ्या रश्शासाठी मटण शिजवून जे अळणी पाणी काढतात त्यात मांसातील प्युरिन उतरलेले असते आणि शरीरात त्याचेच यूरिक आम्ल बनते. त्यामुळे फोडी बाजूला सारून ‘नुसता रस्सा’ ओरपणे हे पथ्य होत नाही. लोसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाने मात्र यूरिक आम्ल थोडे उतरते.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या जुन्या बीटा-रोधकांनी, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधांनी, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी वाढते व वजनात किंचित भर पडते. साखर एकाएकी उतरली असता होणारी धडधड आणि थरथरही ही औषधे झाकतात, घाम तेवढा सुटतो. इन्शुलिन घेणाऱ्याने ही खूण ओळखून ठेवावी लागते. कार्व्हेडिलोल व नेबिव्होलोल या नव्या बीटा-रोधकांत साखरेवरचा परिणाम नगण्य असतो, अ‍ॅम्लोडिपिन तर जवळजवळ तटस्थच.

टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनी उलट पोटॅशियम वाढते, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास. अशा रुग्णाने रक्तदाबासाठी हितकर म्हणून ‘कमी सोडियमचे मीठ’ आणले, तर सोडियमच्या जागी त्यात पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. रोजच्या शहाळ्यानेही त्यात भर पडते. म्हणून औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासतात.